बिब्याचा चीक
खोबरेल तेलाची बाटली थंडीत गोठली, की मला माझ्या हळदीचा दिवस आठवतो. मांडवासाठी बाबा सालेकशाच्या जंगलात डहाळ्या तोडायला गेले होते, आणि कुऱ्हाड चुकून बिब्याच्या झाडावर पडली. तोंडावर उडालेला चीक त्यांनी हातानेच पुसला. हळदीच्या सकाळी तोंड सुजून काळंनिळं झालं होतं, कपाळावर पाण्याचे फोड आले होते, डोळे जेमतेम किलकिले होत होते. आई चिंचेचा पाला वाटत होती आणि मी माझ्या हळदीच्या हातांनी त्यांना खोबरेल तेल लावत होते. "खाजवू नोका बाबा, पसरते," मी म्हणाले. ते हात मांडीखाली दाबून बसले. बाहेर वऱ्हाडासाठी खुर्च्या लागत होत्या. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला एकदम लाज वाटली आणि मी बोलून गेले, "उद्या तुमी पाहुण्याईसमोर येऊ नोका. लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले, "बरोबर हाय तुयं. मी मांगंच रायतो." ते खरंच मागे राहिले. कन्यादान काकांनी केलं. निघताना मी गोठ्याकडे पाहिलं, तर बाबा पाठ करून उभे होते. मी हाक मारली नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बाबा तापाने गेले. परवा मुलीने लग्नाचा अल्बम उघडला आणि विचारलं, "यात आजोबा कोणते?" मी सगळी पानं उलटली, आणि मग तिला सांगितलं, की ते त्या दिवशी गावात नव्हते.