अप्पांची जीप आणि अम्माचे रविवार

मंडळी, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा आमचा धंदा आहे. आज सकाळी इथल्या, चेन्नईतल्या वेस्ट मांबलमचा मेकॅनिक माझी गाड्या ओढायची जीप बघून म्हणाला, "सार, जीपचं इंजिन उतरवावं लागेल. त्यापेक्षा दुसरी घ्या."

माझं मन होईना. घरी येऊन अम्माला विचारलं, तर ती अप्पांच्या पहिल्या जीपबद्दल बोलू लागली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तंजावरहून निघालेली नवरीकडची व्हॅन वाटेत बंद पडली. नवरदेव, म्हणजे आमचे अप्पा, स्वतः जीप घेऊन गेले आणि व्हॅन ओढत मद्रासला आणली. ग्रीसच्या हातांनीच मांडवात आले, पण मुहूर्त चुकला नाही.

"पुढं ती जीप थकली," अम्मा म्हणाली. "ते विकत होते, मीच रडून दुरुस्त करायला लावली. मग दर रविवारी ते जीपखाली. मरीनावर समुद्र बघायला जाऊ म्हटलं, की म्हणायचे, पुढच्या रविवारी."

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. अम्मा म्हणाली, "तुझी जीप विकून टाक रे."

संध्याकाळी अम्माला घेऊन मरीनावर गेलो. वाळूत बसून सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, खाल्लं. ती बराच वेळ समुद्राकडं बघत होती.

तुम्ही आईला शेवटचं कुठं फिरायला नेलंत?