शेवटच्या ग्रहावरची उडी
शेजारच्या पोरांना हसवायला मी पोटच्या लेकीला खोटं पाडलं, एवढी मी तरुणपणी हुशार! मूर्तीच्या ओल्या रंगाचा वास आला की ती दुपार आठवते. नव्वदच्या दशकातलं पेण. गणपतीची आखणी, म्हणजे मूर्तींचे डोळे रेखण्याचं काम, मी घरी करायचे. नवऱ्याने रोह्याहून कॅसेटचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यातला अंतराळवीर एका ग्रहावरून दुसऱ्यावर उड्या मारायचा, पण शेवटच्या ग्रहावर आळीतलं कोणीच पोचलं नव्हतं. पोरं म्हणायची, “गेमच खोटा हाय, एवढी उडी जातच नाय.” लेक म्हणायची, “अगदी कडेवर जाऊन मारली की जाते.” त्या दुपारी तिने ती मारली आणि अंतराळवीर पोचला. ब्रश हातात धरून मी बघतच राहिले. गेम तसाच थांबवून ती पोरांना बोलवायला धावली. तेवढ्यात व्होल्टेज पडलं, ट्यूब लुकलुकायला लागली, आणि अंधुक उजेडात गणपतीचा डोळा वाकडा जाईल म्हणून ट्यूबला वीज पुरावी यासाठी मी गेम, टीव्ही सगळंच बंद केलं. पोरं आली तर पडदा काळा. “काकी, खरंच पोचली काय वो ही?” मी म्हटलं, “हिला दारातलं गटार ओलांडता येत नाय, ही कसली ग्रहावर जाते!” पोरं खिदळत गेली, मीही हसले. लेकीने वायर गुंडाळून गेम माळ्यावर टाकला, तो कायमचा. चारचौघांना हसवायची खोड मला अजून आहे, फक्त लेक समोर असली की जीभ आवरते. पोरं गेल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “आई, तू बघितलं होतंस ना? मग हसलीस कशाला?”