थर्मोस्टॅट काढलेली गाडी

डिझेल गाडीतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटचं पाणी अडवून धरणारी झडप, मीच काढून फेकला आणि डिझेलचोरीचा आळ घेतला धाकट्या भावावर, दिलीपवर. परवा गोंदियाच्या गॅरेजात त्याच गाडीचं गरम कूलंट सांडलं. त्या गोडसर वासानं दिलीपवर ओरडलो ती सकाळ पुन्हा समोर आली.

"आपल्या उन्हाळ्यात हे कायले पायजे?" असं म्हणत इथले पुष्कळ जण थर्मोस्टॅट काढतात. मीही काढला. मग थंडीत इंजिन नीट तापेना, धूर सोडी, डिझेल पीत राही; पण याचा थर्मोस्टॅटशी संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गाडी दिलीप चालवायचा. त्या सकाळी त्याला बघायला आलेले मुलीकडचे पाहुणे अंगणात चहा घेत होते आणि मी ओरडलो, "डिझल विकून राहिला का बे?"

"दादा, इंजिन थंडंच रायते. हात लावून पाह्य ना!"

मी हात लावला नाही. पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले, ते परत आलेच नाहीत. आज माझाच मला संताप येतो. हात लावायला काय जात होतं माझं?

परवा मिस्त्री म्हणाला, "भैया, इसमें थर्मोस्टॅट ही नहीं है, डीज़ल तो पियेगी ही." त्यानं नवा बसवला, इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला. मी तिथूनच दिलीपला फोन लावला.

"त्या दिवशी तू खरं सांगून राहिला होता. मी हात लावला नाही. माफ कर, दिलीप."