सरजाबाईच्या येसरातली एक मूठ

उदगीरच्या नीलाबाईनं सरजाबाईच्या येसरात, म्हणजे लग्नाच्या आमटीच्या मसाल्यात, एक मूठ जास्तीची टाकली, तीही न विचारता. सरजाबाईच्या लेकीचं लग्न. आमटीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जावा, एवढाच नीलाबाईचा लोभ.

नीलाबाई घरोघर मसाले भाजून कांडायची. मजुरी म्हणजे दर कांडपाची एक मूठ मसाला. त्या मुठी ती एकाच डब्यात ओतायची आणि कुणाचा मसाला फिका पडला की त्याच डब्यातून भर घालायची. गल्लीतल्या जावा एकमेकींशी बोलत नसल्या, तरी त्यांच्या आमट्या बोलायच्या.

लातूर जिल्हा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. नव्या जिल्ह्याकडून आधी आला टँकर. मग ऐन लग्नाच्या सकाळी दवंडी. परदेशातून आलेल्या दालचिनीवर जहाजात कीडनाशक सांडलंय, कुणी विकू नये, कुणी खाऊ नये.

किराणावाल्या ईश्वरप्पानं त्या दालचिनीचं पोतं पुढं केलं. शिपायानं त्यावर लाखेचं सील ठोकलं, आणि लोकांना वाटलं, मिटलं. सरजाबाई तर निर्धास्तच. तिची दालचिनी जुन्या मालातली.

नीलाबाईला मात्र आपला डबा आठवला. गेल्या आठवड्यात दोन-तीन घरचं कांडप तिनं केलं होतं, ते ह्याच पोत्यातल्या दालचिनीचं. त्यांच्या मुठी डब्यात पडल्या होत्या आणि डब्यातली मूठ येसरात.

ती तशीच मांडवामागं गेली. पातेल्यातल्या आमटीला उकळी फुटली होती.

"सरजाक्का, ही आमटी वाढू नको."

"का? मीठ कमी हाय?"

नीलाबाईनं सगळं सांगितलं. सरजाबाईनं आधी वऱ्हाडाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"एवढ्या पातेल्यात एका मुठीनं काय व्हतंय?"

"ते मला ठाव न्हाई. म्हणून तर सांगायले."

"टँकरचं पाणी हाय त्यात. घरात कुणी धड तोंड धुतलं न्हाई, तवा साचलंय."

"व्हय."

"तुला मूठ टाकाया कुणी सांगितलं व्हतं?"

नीलाबाईनं पदर खोचला, फडक्यानं पातेल्याचा एक कान धरला आणि उभी राहिली. शेवटी दुसरा कान सरजाबाईनंच धरला. गुरांनी तोंड लावू नये म्हणून परसात खड्डा खणून आमटी ओतली. कोरड्या मातीनं ती एका दमात पिऊन टाकली.

वऱ्हाडानं बुंदी आणि शेंगाच्या चटणीवर भागवलं. व्याह्याला मात्र जन्मभर पुरेल असा टोमणा सापडला.

नीलाबाई त्याच दुपारी बाकीच्या घरी सांगत फिरली. एकीनं मसाला फेकला, एकीनं दार लावून घेतलं. डबा तिनं स्वतः कचेरीत नेऊन दिला. तो तपासायला पाठवला म्हणतात. जबाब काही आला नाही. तोवर कांडायला तिला कोण बोलावणार? ती रोजगार हमीच्या खडीवर जाते.

येसर कांडल्याच्या मजुरीची मूठ सरजाबाईकडं अजून बाकी आहे. टँकरपाशी गाठ पडली की तीच विषय काढते.

"नीले, तुझी मूठ राहिली बघ."

"राहू दे, अक्का. ठेवाया डबा कुठं हाय?"

मग दोघी आपापली घागर पुढं सरकवतात.