आतेसासूबाईंच्या हातची घुट्टी

ग्वाल्हेरातल्या समस्त मराठी मंडळींचा हट्ट एका पारड्यात आणि माझ्या आतेसासूबाईंचा दुसऱ्या पारड्यात टाकला असता, तर मंडळींचं पारडं थेट छताला टेकलं असतं. एकदा इंदरगंजच्या चौकात हवालदाराने त्यांची रिक्षा अडवली, तर खाली उतरून त्यांनी त्यालाच झापलं, "भर उन्हात बिनटोपीचा उभा आहेस! अकल आहे की नाही?" तो बिचारा टोपी शोधायला लागला आणि ह्या रिक्षात बसून पसार. डॉक्टरांनी मधुमेह सांगून गोड बंद केलं, त्याच संध्याकाळी त्यांनी जिलबी मागवली. "मधुमेहालाही कळू दे, गाठ कोणाशी आहे!" कुणी काही म्हणो, मला हा हेकटपणा मनापासून आवडायचा.

पण बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या की ह्याच बाई डॉक्टरिणीच्या आणि बाळंतिणीच्या शब्दाला ब्रह्मवाक्य मानत. मी एकदा कारण विचारलं. "माझ्या वेळी सगळ्यांना सगळं विचारलं गं, एक मला सोडून," एवढंच म्हणाल्या आणि चहात साखर घालायला लावली.

माझी लेक ऐन पौषातल्या थंडीत, वेळेआधी जन्मली. इतकी हलकी, की उचलून घ्यायची मला भीती वाटायची. घरी सोडताना डॉक्टरिणीने बजावलं होतं, आईच्या दुधाशिवाय पोटात काही जाता कामा नये, आंघोळ सध्या नको, उराशी धरून ऊब द्या. आणि घरी आले तर सासूबाई मधाची चांदीची वाटी घेऊन तयार. पहिली घुट्टी जो चाटवेल त्याचा स्वभाव बाळ घेतं, असं इकडे सगळे मानतात. त्यासाठी आमचे चुलत सासरे मुद्दाम बोलावले होते. आयुष्यात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, घरात चोर शिरला तेव्हासुद्धा नाही. मी "नको" म्हटलं. पुन्हा म्हटलं. माझे यजमान पंख्याकडे पाहत राहिले. चुलत सासऱ्यांनी बोट मधात बुडवलं आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात आतेसासूबाई आल्या. माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि वाटीच काढून घेतली.

"घुट्टी द्यायचीच आहे ना? मग मी देणार. घरात सगळ्यात मोठी मी आहे, मान माझा."

आपल्या नणंदेचा स्वभाव घेऊन वाढणारी नात सासूबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावी. त्या घाईघाईने म्हणाल्या, "राहू द्या वन्सं, ऐसी भी क्या जल्दी आहे!"

"बघ हं, पुन्हा म्हणशील मी घुट्टी दिली नाही," म्हणत आतेसासूबाईंनी वाटीतला सगळा मध स्वतःच चाटून संपवला.

मग त्या रोज दुपारी येऊन बसायला लागल्या. कुणी काजळ आणलं, की "आण, मीच लावते, नजर माझ्यासारखी होईल." कुणी कानात घालायला कोमट तेल आणलं, की तेच. आणणारी बाई आल्या पावली परत जाई. सासूबाई फारच हिरमुसल्या, तेव्हा त्यांना तळपायाला काजळाची तीट लावायची परवानगी मिळाली. शिवाय मला झोप मिळावी म्हणून आतेसासूबाईंनी त्यांनाच बाळ उराशी घेऊन शालीत बसवलं. तिथून मात्र गडबड झाली, कारण दूध पाजायची वेळ झाली तरी सासूबाई नात परत देईनात. पोरीचं वजन वाढत गेलं, गाल भरले, रडणं गल्लीत ऐकू यायला लागलं.

आतेसासूबाई आता नाहीत. दुपारी दार वाजलं की अजूनही मला त्याच आल्यासारखं वाटतं. लेक गोरखीतल्या शाळेत जाते. परवा तिच्या बाईंनी बोलावून सांगितलं, "मुलगी हुशार आहे, पर किसी की सुनती नहीं." घरी येऊन मी ते सांगितलं, तेव्हा सासूबाई माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "खरं सांग, वन्संनी तेव्हा गुपचूप चाटवलीच ना?"

वाटीत थेंबही उरला नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी मी गप्प बसले.

सासूबाईंनी नातीला जवळ ओढलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "चाटवली असेल, तर बरंच केलं."