पलंगापासून जमिनीपर्यंत

मुलांनो, दिवाळीत तुमचे बाबा इथं येऊन गेले. आजीनं काय हट्ट धरला ते त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच, पण त्यांच्या सांगण्यात माझी बाजू निम्मीच येते. म्हणून सगळं ताजं आहे तोवर मी लिहिते आहे.

उन्हाळ्यात स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मी लोणच्याच्या कैऱ्या पुसत होते. काम संपलं आणि उठता येईना. ओटा धरायला गेले तर हात निसटला. फोन आतल्या खोलीत वाजून वाजून थांबला. शेवटी शेजारच्या आपा मागच्या दारानं आल्या आणि काखेत हात घालून त्यांनी मला उभं केलं. मी हे कुणाला सांगणार नव्हते. आपांनी त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं.

"दिवाळीला येतो तेव्हा घर बंद करू. तू आमच्याकडे चल," बाबा फोनवर म्हणाले.

"आणि तोवर जमिनीवरून माझी मी उठायला लागले तर?"

ते म्हणाले, "तर राहा."

तुमच्यातल्या थोरलीनं मागं मला दिवसाला शंभर स्क्वॉटचा, म्हणजे बैठकांचा, एक व्हिडिओ गंमत म्हणून पाठवला होता. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, करा, पण उंच जागेवरून सुरुवात करा आणि घाई करू नका. मी पलंगाच्या कडेवर बसून उठायला लागले, थोड्या सकाळी, थोड्या संध्याकाळी. मग खुर्ची, मग वेताचं बुटकं स्टूल, मग चौरंग. आपा नमाज खुर्चीवर बसून पढत. त्यांना पुन्हा जमिनीवर यायचं होतं, म्हणून त्याही यायच्या. मी दम खायला थांबले की म्हणायच्या, "क्या मॅडम, कुर्सी गरम करने बैठे क्या? उठो अब."

गणपतीपर्यंत मी चौरंगावर होते आणि शंभर बैठका पूर्ण होत होत्या. मग एका पाण्याच्या दिवशी घोटाळा झाला. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी टाकीपासून तांब्यापर्यंत सगळं भरून घ्यावं लागतं. एरवी त्यातूनही बैठका व्हायच्या, पण त्या दिवशी एकही झाली नाही. काम मागं ठेवणं मला जमत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी दोन्ही दिवसांच्या मिळून काढल्या. संध्याकाळी उजवा गुडघा नारळाएवढा झाला.

डॉक्टरांनी सगळं बंद केलं. मी गुडघ्यावर बर्फ धरून बसायचे आणि दिवाळी जवळ येत होती. बाबा रोज फोनवर विचारत, "कसं चाललंय?" मी म्हणत असे, "ठीक." सूज उतरल्यावर पुन्हा पलंगापासून सुरुवात केली. या वेळी शंभराचा विचार सोडला. बाबांचं विमान उतरलं त्या दिवशी मी पाटापर्यंत पोचले होते. जमिनीवरून उठून पाहायचा धीर झाला नव्हता.

लक्ष्मीपूजनाला मी मुद्दाम जमिनीवर बसले. पूजा लांबली, पाय बधिर झाले. आरती झाल्यावर बाबा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी हात पुढं केला नाही. फराळाला आलेल्या आपा दारातच थांबल्या. मी एक पाय उभा केला, जोर लावला आणि परत खाली बसले. दुसऱ्यांदा गुडघ्यावर तळहात टेकला, दात आवळले आणि उठले.

"हात लावलास," बाबा म्हणाले.

"घुटना उनकाच है ना बेटा," आपा म्हणाल्या, "पडोसी का तो नहीं."

बाबांना हसू आलं, पण डोळे पुसत ते आत गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "पुढच्या दिवाळीला पुन्हा बघू."

उजवा गुडघा अजून कुरकुरतो, आणि शंभर काही पुन्हा झाल्या नाहीत. घर उघडं आहे. मी त्यात एकटी राहते, जमिनीवर बसते आणि माझी मी उठते.