वाचून दाखवले, समजले

आमच्या ऑफिसची वेबसाइट करायची ठरलं तेव्हा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. नाव, पत्ता, शिक्षण आणि कामाचे प्रकार, एवढंच लिहिता येतं. तेवढं मी अर्ध्या तासात लिहून दिलं: दिवाणी, फौजदारी, महसूल, भूसंपादनाचा मोबदला, मोटार अपघात, कौटुंबिक वाद, दस्तनोंदणी. नावलौकिक लिहायची परवानगी नाही, हे एका परीने बरंच आहे. असती तर तो मी कोणत्या तोंडाने लिहिला असता?

वाशिममध्ये वकिलाचं नाव तसंही पाटीवर नसतं. ते कोर्टाच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर ठरतं, तहसीलच्या पायऱ्यांवर ठरतं, काळीपिवळीत दाटीवाटीने बसलेल्या माणसांत ठरतं. "जमानत पाह्यजे तर त्याच्याकडं जाय. बायकोचं भांडन असंल तर तिच्याकडं." एका जुन्या वकिलांना लोक पाठीमागे 'पुढची तारीख' म्हणायचे. गंमत म्हणजे त्यांच्याकडे कायम गर्दी असायची, कारण प्रत्येक दाव्यात एका बाजूला नेमकी पुढची तारीखच हवी असते.

आमच्या ऑफिसात आम्ही तिघं. ऑफिस ज्यांचं ते सर, सत्तरीला आलेले, दिवाणी आणि महसुलाचं काम बघणारे. दुसरे भाईसाहेब. गावातल्या कापडाच्या व्यापारी घरातले, अपघात आणि फौजदारी त्यांच्याकडे. तिसरी मी, कौटुंबिक वाद आणि दस्तांची कामं करणारी. भाईसाहेबांची उलटतपासणी ऐकायला बाकीचे वकील येऊन उभे राहायचे. पण ऑफिसचं खरं नाव होतं ते कागदासाठी. "तिथला दस्त मोडत नाही," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून मी मान थोडी ताठ करून चालायचे. खोटं कशाला सांगू?

दस्तांत सगळ्यात जास्त हक्कसोड पत्रं. बाप गेला की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग बहिणी भावाला हिस्सा सोडून देतात. भाऊ साडी घेतो, रजिस्ट्री झाली की बहिणीला हॉटेलात जेवू घालतो आणि माहेरची वाट उघडी राहते. यावर मी भाषण देत नाही. माझ्या आईनेही सोडलाय, मीही उद्या सोडीन कदाचित.

हक्कसोडीबाबत सरांचा एक नियम होता. दस्त तयार झाला की भावाला बाहेर चहा प्यायला पाठवायचं, दार लावायचं आणि बहिणीला अख्खा कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. खालच्या परिशिष्टासकट, म्हणजे कोणकोणती मिळकत सोडली त्या यादीसकट. मग तिला विचारायचं, यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा. तिने सांगितलं तरच पुढे जायचं. कधी एखादी बाई रडायची, कधी एखादी म्हणायची, विहिरीजवळचं वावर नाही देत मी. मग भावाला आत बोलवायचं, दोघांची थोडी बाचाबाची व्हायची, कागद बदलायचा. शेवटी ठरलेलं वाक्य असायचं: 'सदर दस्त वाचून दाखवला, समजला, कोणाच्याही दडपणाविना सही केली.' सर म्हणायचे, "हे वाक्य तर सगळेच लिहितात. आपन वाचतो, एवढाच फरक हाय."

मी नऊ वर्षं वाचत आले. आणि एके दिवशी वाचलं नाही.

त्या दिवशी निबंधक कार्यालयातला सर्व्हर सकाळपासून बंद होता. अनसिंगच्या पलीकडच्या गावातले एक भाऊ-बहीण दहा वाजल्यापासून आमच्या बाकावर बसून होते. भाऊ पन्नाशीचा, बोलका, सगळ्यांना पाणी आणून देणारा. बहीण त्याच्याहून मोठी. नवरा गेलेला, कामरगावला एका खोलीत भाड्याने राहणारी. चौथीपर्यंत शिकलेली, पण चष्मा घरी राहिलेला. दस्त मी भावाने सांगितल्याप्रमाणे लिहिला होता, कागदपत्रंही त्यानेच आणली होती: शेताचा सातबारा आणि गावातल्या घराचा नमुना आठ. साडेचारला निरोप आला की सर्व्हर सुरू झालाय, पळा. मी बहिणीला म्हटलं, "मावशी, हे तुमचं हक्कसोड. भावाला देताय ना?" ती म्हणाली, "देतो ना बाई. त्याच्याचसाठी आली." झालं. तिने सह्या केल्या, आम्ही पळालो, बोटांचे ठसे झाले, फोटो झाला. ते ठरलेलं वाक्य कागदावर होतं आणि त्याच्याखाली माझी सही होती.

दीड वर्षाने ती बाई एकटीच ऑफिसात आली. हातात ग्रामपंचायतीचा उतारा आणि आमच्या दस्ताची नक्कल. मला वकीलबाई म्हणायची आणि त्याच दमात 'तू'ही.

"वकीलबाई, मी वावर सोडलं होतं. घर नोतं सोडलं. बापाच्या दोन खोल्या हायत, म्हातारपनी तिथंच राहीन म्हनून मी भावाले आधीच सांगतलं होतं. आता गेली तं कुलूप. आतमंदी तुरीची पोती. तो म्हनते, तूच तं लिहून देलं."

मी नक्कल हातात घेतली. परिशिष्टात शेत होतं आणि त्याच्याखाली घर. मग मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण तेच सांगायला बसलेय. मी कागद तिच्यापुढे धरला, त्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, इथे लिहिलंय ना, वाचून दाखवलं म्हणून."

तिने त्या बोटाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू वाचलं होतं का?"

मी कागदावरचं बोट काढून घेतलं. नक्कल तिने घडी घालून पिशवीत ठेवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते त्या दुपारी कळलं.

दस्त आम्हीच केलेला, त्यामुळे तिची केस आम्हाला घेता येत नव्हती. मी तिला दुसऱ्या वकिलाचं नाव सांगितलं. दस्त रद्द करून घराचा ताबा मिळावा म्हणून त्याने दावा टाकला. आणि मग एक दिवस मला साक्षीचं समन्स आलं, तेही भावाकडून. मागोमाग तो स्वतः पेढे घेऊन आला. "मॅडम, तुमाले फक्त एवढंच सांगाचं हाय, का वाचून दाखवलं. लिहेलच हाय ते." माणूस दुष्ट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की बहिणीचं सगळंच आपलं. घर वेगळं काढून बोलायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. किंवा आलं असेल. माणसाच्या पोटात शिरून कोण बघतं? पेढे मी परत दिले.

संध्याकाळी मी दोघांना सगळं सांगितलं. भाईसाहेब म्हणाले, "मॅडम, सच बोलाल तं दोन मिनटात सुटाल. पन ह्या दरवाजातून उद्या कोन भाऊ बहिनीले घेऊन येईन?"

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते रागावतील, नियम माझ्या तोंडावर फेकतील. ते म्हणाले, "आठवत नाही, असं म्हन."

"सर?"

"वर्षाले एवढे दस्त होतात. एखादा आठवत नाही, हे काही खोटं नाही. वाक्य कागदावर हाय. कोर्ट काय समजाचं ते समजून घेईन." आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाने मला दार लावून वाचायला शिकवलं, तो त्या वेळी एकदम म्हातारा दिसला. मला त्यांचा राग आला नाही. स्वतःचा आला. चाळीस वर्षांचं नाव एका माणसाने जपलं होतं, आणि सर्व्हर सुरू झाला म्हणून मी ते घाईत सांडून आले होते.

साक्षीच्या दिवसापर्यंत मी दोन्ही उत्तरं मनात घोळवत होते. 'आठवत नाही' हे उत्तर दिसायला किती साधं! त्याला शिक्षा नाही, डाग नाही. फक्त बाईचं घर जाणार होतं. माझा शब्द तिच्या बाजूने पडला नसता तर तिच्याकडे दुसरा पुरावा काहीच नव्हता, आणि कामरगावच्या खोलीचा मालक तिला खोली रिकामी करायला सांगून बसला होता.

कोर्टात ती मागच्या बाकावर होती, भाऊ पुढच्या. मी नेहमी जिथे वकील म्हणून उभी राहते तिथून चार पावलांवर साक्षीदाराचा कठडा आहे. ती चार पावलं मला लांब वाटली. भावाच्या वकिलाने विचारलं, दस्त तुम्हीच तयार केला का. हो. सही तुमचीच का. हो. लिहून देणाऱ्या बाईंना दस्त तुम्ही वाचून दाखवला, हे खरं आहे ना?

"नाही," मी म्हटलं. "वाचला नाही. घाई होती. परिशिष्टात घर आहे हे मी त्यांना सांगितलं नाही."

जजसाहेबांनी मान वर केली. माझा शब्द तसाच्या तसा लिहून घेतला. भावाचा वकील आमच्याच बार रूममधला, रोज सोबत चहा पिणारा. त्याने आता मलाच फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि विचारलं, "म्हणजे त्या दस्तावर तुम्ही खोटं लिहिलं?"

"हो."

बाहेर आले तेव्हा वऱ्हांड्यातले लोक बाजूला होऊन वाट देत होते, एखाद्या घरातून मयत उठल्यावर देतात तशी. सर ऑफिसात एवढंच म्हणाले, "जेवली का?"

पुढचं लवकर झालं. भावाच्या वकिलाला दावा कुठे चाललाय ते कळलं आणि लोकअदालतीत तडजोड झाली. शेत भावाचं, दोन खोल्या बहिणीच्या. तुरीची पोती निघाली, कुलूप निघालं. बाई राहायला गेली.

आमच्याकडची हक्कसोड पत्रं बंदच झाली म्हटलं तरी चालेल. टपरीवर नवं नाव ठरलं होतं: "तिथली वकीलबाई कोर्टात पलटते." मला वाटायचं, भाऊ नाही आले तरी बहिणी येतील, मुद्दाम येतील. एकही आली नाही. वकील कोणता करायचा हे भाऊच ठरवतो, एवढी साधी गोष्ट नऊ वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. सर मात्र त्यानंतर एकदाही त्या विषयावर बोलले नाहीत, आणि महसुलाचं निम्मं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. भाईसाहेब अधूनमधून टोमणा मारतात, "मॅडम, आज याददाश्त कैशी हाय?" मी हसते.

गेल्या हिवाळ्यात एका बांधाच्या भांडणात जागेची पाहणी करायला मी त्या बाजूला गेले होते. काम आटपल्यावर तिच्याकडे डोकावले. खरं सांगते, आभार ऐकायला गेले होते. एवढं नुकसान सोसल्यावर कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं वाटतंच.

तिने खोल्या नीट लावल्या होत्या. अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं, शेजारच्या बाईचं निवडायला आणलेलं. मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली, चहा दिला. घर कसं आहे विचारलं तर म्हणाली, "चांगलं हाय." भावाचं घर त्याच बोळात, दोन दारं सोडून. आम्ही बसलो होतो तेवढ्यात तो बोळाच्या तोंडाशी दिसला. डोक्यावर गवताचा भारा होता. आम्हाला पाहिलं आणि वळला, देवळामागच्या वाटेने लांबून गेला.

"मले पाहून असाच जाते," ती म्हणाली. "भारा डोक्यावर असला तरी."

मी म्हटलं, "त्याचीच चूक होती, मावशी."

"त्याची व्हती. तुई बी व्हती." ती रागाने बोलत नव्हती. "एक सांग वकीलबाई. तो कागद वाचाले किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

तिने मान हलवली. सोयाबीनचा एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तिथंच भांडलो असतो मंग आमी. चांगले कचकचून भांडलो असतो. अन् संध्याकाळी संगच घरी आलो असतो."